फुकट इंटरनेट वाटू इच्छिणाऱ्यांसाठी

जाहिरातींच्या जिवावर लोकांना फुकट इंटरनेट द्यायचं तुमच्या मनात आलंय? मग शुभस्य शीघ्रम्. अमेरिकेत १९९८ साली नेटझिरो नावाच्या कंपनीने हेच केलं होतं, म्हणजे मळलेली वाट आहे. तेव्हाचं इंटरनेट डायल-अप, म्हणजे फोन लाइनवरून नंबर फिरवून यायचं. मोडेमची किरकिर संपली की पडद्यावर जाहिरातींची पट्टी येऊन बसायची. तुम्हीही तशीच लावा. ती झाकणारा छोटासा प्रोग्रॅम कुणीतरी लिहील आणि तोही फुकट वाटेल. रागावू नका, तुमचाच आदर्श समोर होता ना.

हिशेबात मात्र खोल शिरू नका. फोन लाइनचे पैसे तासावर जातात आणि जाहिरातदार देतो नजरेवर. दहा मिनिटांत मेल बघून उठणारा ग्राहक परवडतो. रात्रभर चॅटिंग करत बसणारा तुम्हाला रस्त्यावर आणतो. लोकांना तुमची सेवा जितकी आवडेल तितके तुम्ही गाळात. तेव्हा ती फार आवडणार नाही एवढं बघा. जमलं नाही, तर नेटझिरोसारखी तासांची मर्यादा घाला. त्यांनी आधी महिन्याला ४० तास दिले, मग १० वर आणले. अन्नछत्रात भाताला माप लावलं की गर्दी आपोआप कमी होते.

जाहिरातदार निवडताना त्याच्याकडे पैसा कुठून येतो, हे विचारणं असभ्यपणाचं. तेव्हाचे बरेचसे जाहिरातदार स्वतःच इंटरनेटवर धंदा मांडलेल्या डॉट कॉम कंपन्या होत्या, म्हणजे याच्या गुंतवणूकदाराचे पैसे त्याच्या गल्ल्यात. मार्च २०००नंतर नॅसडॅक हा अमेरिकेतला शेअर बाजार घसरला आणि सगळ्यांनी सर्वांत आधी जाहिरातींवर कात्री चालवली. फ्रीआय नावाच्या फुकट इंटरनेटवाल्या कंपनीने त्याच वर्षी ऑक्टोबरात दिवाळं जाहीर केलं. फुकट्यांची रांग मात्र अजिबात हटली नाही.

‘तो डायल-अपचा जमाना होता हो,’ असं म्हणणारे भेटतील. त्यांना मुंबई सेंट्रलला न्या. जानेवारी २०१६मध्ये गुगलने रेलटेल या रेल्वेच्या दूरसंचार कंपनीच्या साथीने तिथे फुकट वायफाय सुरू केलं आणि २०१८पर्यंत ते ४०० स्थानकांवर नेलं. जाहिरातींवर अब्जावधी कमावणारी कंपनी, फलाटावर गाडीची वाट बघत बसलेली गिऱ्हाइकं, आणखी काय हवं? फेब्रुवारी २०२०मध्ये गुगलने गाशा गुंडाळायचं जाहीर केलं. मोबाइल डेटा स्वस्त झालाय, असं एक कारण दिलं. तुम्ही गुगलपेक्षा हुशार आहात, त्यामुळे काळजी नाही.

आणि तरीही पैसा पुरलाच नाही, तर जुनोकडे बघा. फुकट सेवा देणाऱ्या या कंपनीने फेब्रुवारी २००१मध्ये शक्कल लढवली. ग्राहकाचा संगणक रिकामा असेल तेव्हा त्यावर दुसऱ्यांची गणितं चालवायची आणि ती ताकद औषध-संशोधन करणाऱ्या कंपन्यांना विकायची. त्यासाठी ग्राहकाला संगणक सतत चालू ठेवायलाही सांगता येईल, अशी अट करारात घातली. वीज अर्थातच ग्राहकाची. त्याच वर्षी सप्टेंबरात जुनो आणि नेटझिरो एक झाल्या, पण म्हणून कल्पना वाईट होती असं नाही. तुम्ही ती अट जरूर घाला, आणि लपवायच्या भानगडीत पडू नका. ‘मला मान्य आहे’च्या चौकटीवर, ठळक अक्षरांत लिहिलीत तरी चालेल.