‘तीन हजारांत डॉब्सोनियन ऑटोमॅटिक’: त्या मेसेजबद्दल

गेल्या रविवारी दुपारी सव्वादोनला गुहागरहून भाच्याचा फोन आला. "मामा, ऊन मस्त पडलंय. पहिला तारा म्हणून सूर्यालाच धरतो. चालेल ना?"

मी जेवून आडवा झालो होतो, ताडकन उठून बसलो. "आधी ट्यूबवर झाकण घाल. घातलंस? फाइंडरवरही घाल. आता बोल."

पोराने गेल्या पावसाळ्यात घरीच आठ इंची डॉब्सोनियन केली, म्हणजे लाकडी पेटीत बसवलेली, हाताने ढकलायची आरशाची दुर्बीण. आरसा विकत आणला, पेटी मरीन प्लायची, खाली टेफ्लॉनचे तुकडे आणि सनमायका. काम बरं झालंय. आता त्याला तिच्यावर एन्कोडर, म्हणजे दुर्बीण किती फिरली ते मोजणारे सेन्सर, बसवायचे आहेत आणि त्याचं शिक्षण एका फॉरवर्डवरून चाललंय. ‘तीन हजारांत तुमची डॉब्सोनियन ऑटोमॅटिक! सात सोप्या पायऱ्या’, प्रत्येक पायरीपुढे हिरवी टिकली. हा मेसेज मला त्याच आठवड्यात चार ग्रुपांवर आला. त्यातला एक आंबा बागायतदारांचा होता.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: दोन एन्कोडर लावा, दुर्बीण स्वतः तारे शोधेल, दहा हजार स्टेप्सचा घ्या, म्हणजे अचूकता पक्की, लेव्हलची गरज नाही, तारे ओळखता आले नाहीत तरी चालेल, दिवसा सूर्यावर सेट करून ठेवा, ते कायमचं, बेअरिंगला खोबरेल तेल द्या, आणि एन्कोडर परवडत नसेल तर मोबाईल ट्यूबला बांधा, तेवढंच काम होतं.

सूर्याचं आधी घेतो, कारण बाकीच्या चुकांनी फार तर रात्र फुकट जाते.

मेसेजमधली ओळ जशीच्या तशी: "ट्यूबची सावली लहानात लहान करा, मग गॉगल लावून एक सेकंद आयपीसमध्ये बघून खात्री करा." आयपीस म्हणजे डोळा लावायचं भिंग, आणि तिथे गॉगल लावून! डोळ्याची बाहुली अंधारात पूर्ण उघडली तरी साधारण 7 मिमी. आठ इंची आरसा 200 मिमीचा. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर तो आठशे पट प्रकाश गोळा करतो, आणि दुपारी बाहुली आकसलेली असते, म्हणजे खरी तुलना याहून वाईट. उघड्या डोळ्यांनी ज्याच्याकडे बघायचं नाही हे शाळेतल्या पोरालाही माहीत, त्याच्याकडे आठशे पट करून बघायचं, तेही समुद्रावर विकत घेतलेल्या गॉगलमधून. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही. भाजतंय हे समजत नाही. डाग पडल्यावर समजतं, आणि तो डाग जात नाही. झाकण न घातलेला फाइंडरही (नेम धरायची ट्यूबवरची छोटी दुर्बीण) हेच करतो. त्याची क्रॉसहेअर आधी जळते, तेवढाच काय तो इशारा.

सूर्य बघायचाच असेल तर सौर फिल्टर ट्यूबच्या तोंडावर, आरशाच्या आधी, घट्ट बसवतात. आयपीसला लावायचे जुने काळे काचेचे फिल्टर कोणाच्या खोक्यात सापडले तर फेकून द्या. ते नेमके प्रकाश एकवटतो तिथे बसतात आणि तापून तडकतात. आणि हो, बघायचं नसलं तरी उघडी दुर्बीण दुपारी अंगणात ठेवू नका. अंतर्वक्र आरसा आहे तो. सूर्य सरकत सरकत समोर आला तर आत काय पेटेल सांगता येत नाही.

सूर्यावर एवढं सेट करून उपयोग? शून्य. ‘एकदा सेट केलं की कायमचं’ ही पायरी लिहिणाऱ्याने एन्कोडर उघडून बघितलेला नाही. आपण वापरतो तो इन्क्रिमेंटल एन्कोडर. आत रेघांची चकती, तिच्यावर दोन सेन्सर, दोघांच्या सिग्नलमध्ये पाव आवर्तनाचा फरक. कोणता सिग्नल आधी आला यावरून दिशा कळते, आणि रेघा मोजून किती फिरलं ते कळतं. कुठे आहे हे त्याला कळत नाही. वीज गेली की मोजणी गेली. आमच्याकडे वीज किती वेळा जाते ते सांगायला नको, म्हणून सगळे पॉवर बँक लावतात. आणि इथे एक गंमत आहे. ईएसपी32 बोर्ड (एन्कोडरची मोजणी ठेवणारा छोटा कंट्रोलर) आणि दोन एन्कोडर इतका कमी करंट घेतात की पुष्कळ पॉवर बँकांना वाटतं, काही जोडलेलंच नाही, आणि त्या आपण होऊन बंद पडतात. मी दोन संध्याकाळी कोडमध्ये चूक शोधत बसलो होतो. चूक पॉवर बँकेत होती. म्हणजे दुपारी सूर्यावर सेट केलेलं संध्याकाळपर्यंत टिकेल याचाच भरवसा नाही, कायमचं सोडा.

आता दहा हजार स्टेप्स, म्हणजे एका फेरीत दहा हजार मोजण्या. 360 अंशांना 10,000 ने भागलं की एक स्टेप 2.16 कलांची (एका अंशात साठ कला). पौर्णिमेचा चंद्र साधारण 31 कलांचा दिसतो. कागदावर सुरेखच. पण हा आकडा चकतीचा आहे, तुमच्या लाकडाचा नाही. समजा आडव्या फिरण्याचा एन्कोडर मधल्या पिव्हट बोल्टवर बसवलाय. त्याचा दांडा बोल्टबरोबर स्थिर, आणि एन्कोडरचं धड पेटीबरोबर फिरावं म्हणून एक पट्टी काढून ती पेटीला अडकवलेली. आता भोक बोल्टपेक्षा किंचित मोठं असलं आणि ढकलताना पेटी अर्धा मिलिमीटर बाजूला सरकली, तर 50 मिमीच्या पट्टीवर एन्कोडरला काय वाटतं? 34 कला फिरलो! अख्ख्या चंद्राहून जास्त, आणि दुर्बीण प्रत्यक्षात फिरलेलीच नाही. दोन कलांची चकती घेऊन चौतीस कलांचा प्ले (ढिलेपणा) ठेवायचा, म्हणजे सोनाराच्या तराजूत कोळसा मोजायचा.

उपाय महाग नाही. लेथवाल्याकडून पितळेचा बुश काढून घ्या, बोल्ट त्यात सरकेल पण हलणार नाही असा. पट्टी 150 मिमीची करा. त्याच अर्ध्या मिलिमीटरची चूक 11-12 कलांवर येते. वरखाली फिरणाऱ्या अक्षावर एन्कोडरचा दांडा बेअरिंगच्या बरोबर मध्यावर हवा. मोठ्या अर्धगोल बेअरिंगना मध्य हवेत असतो, तिथे वेगळा हात काढून एन्कोडर धरावा लागतो. मेसेजमध्ये या सगळ्याला एकच ओळ: "फेविक्विकने चिकटवा."

बरं, स्टेप्स एवढ्या लागतात तरी का? 1200 मिमी फोकल लेंग्थ, 25 मिमीचा साधा आयपीस, म्हणजे 48 पट. दिसणारं आकाश साधारण एक अंशाचं, दोन चंद्र शेजारी शेजारी मावतील एवढं. बाजारात कारखान्यांसाठी मिळणारा 600 रेघांचा स्वस्त एन्कोडर चौपट मोजला की 2400, म्हणजे स्टेपला 9 कला. एक अंशात वस्तू आणायला पुरतो. समाधान नाही झालं तर 1:4 पुलीपट्टा लावा, 9600 झाले. ‘तीन हजारांत’ हे म्हणून अगदीच खोटं नाही, एवढं नाइलाजाने मान्य करतो. बुशची मजुरी आणि पहिला जाळलेला बोर्ड धरला नाही तर. बोर्ड जळतो तो असा: हे एन्कोडर बहुधा ओपन कलेक्टर असतात, म्हणजे सिग्नल स्वतः वर ओढत नाहीत, म्हणून सिग्नलच्या तारेला तो वर ओढणारा पुल-अप रेझिस्टर लागतो. तो 3.3 व्होल्टला जोडायचा. एन्कोडरच्या 12 व्होल्टला जोडलात की ईएसपी32 ने राम म्हटलाच.

लेव्हलची गरज नाही, हे खरं आहे. का खरं आहे ते मात्र मेसेजवाल्याला माहीत नसावं, कारण माहीत असतं तर पुढची पायरी त्याने लिहिलीच नसती. जपानच्या तोशिमी ताकी यांचा लेख ‘स्काय अँड टेलिस्कोप’च्या फेब्रुवारी 1989 च्या अंकात आला होता. घरी केलेल्या दुर्बिणींच्या एन्कोडरांमागचं गणित समजून घ्यायचं तर अजूनही तोच वाचावा. कल्पना साधी आहे. दोन ओळखीच्या ताऱ्यांवर दुर्बीण लावा. प्रत्येक ताऱ्याची दिशा आकाशाच्या हिशेबात माहीत असते आणि एन्कोडरच्या हिशेबातही मिळते. या दोन दिशांच्या गुणाकारातून दोघींना काटकोनात असलेली तिसरी दिशा काढायची, आणि तीन दिशांवरून एका हिशेबातून दुसऱ्यात नेणारं मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांचा तक्ता, तयार होतं. पाया तिरका असला तरी तो तिरकेपणा मॅट्रिक्समध्ये येऊनच जातो. म्हणून लेव्हल नको.

पण याच गणितात अट दडलेली आहे. दोन तारे फार जवळ असले, किंवा एकमेकांच्या अगदी समोरासमोर, तर तिसरी दिशा डळमळते आणि आधीची छोटी चूक फुगते. म्हणून आर्द्रा आणि राजन्य ही जोडी घेऊ नका. एकाच मृगात आहेत, जेमतेम 19 अंशांवर. जानेवारीत रात्री आठला ब्रह्महृदय आणि व्याध घ्या. साधारण 65 अंश अंतर, दोन्ही डोक्यावर नाहीत आणि क्षितिजालाही टेकलेले नाहीत. अगदी डोक्यावर डॉब्सोनियन आडवी ढकलता येत नाही, तिथला तारा पहिल्यासाठी कधीच नको. ध्रुवही नको. रत्नागिरीहून तो फक्त 17 अंश वर, म्हणजे माडांच्या मागे.

आता सांगा, ‘तारे ओळखता आले नाहीत तरी चालेल’ हे कुठे बसतं? निदान दोन ओळखावेच लागतात, आणि तेही चोख. पुनर्वसूचे दोन तारे शेजारी आहेत, साडेचार अंशांवर. एकाऐवजी दुसरा धरलात तर एन्कोडरला जोडलेलं मोबाईलवरचं ॲप तक्रार करीलच असं नाही; रात्रभर मात्र तेजोमेघाच्या जागी कोरं आकाश दाखवील. मग ग्रुपवर ‘एन्कोडर बेकार आहेत’ असा वेगळा मेसेज फिरेल.

‘दुर्बीण स्वतः शोधेल’ याला उत्तर देण्यातही वेळ जातो. एन्कोडर मोटर नाही. तो सांगतो, ढकलता तुम्ही. आणि सापडल्यावरही ढकलत राहायचं, कारण आकाश तासाला 15 अंश सरकतं. एक अंशाच्या दृश्यातून वस्तू चार मिनिटांत बाहेर. ॲपचं म्हणाल तर स्कायसफारीच्या प्लस किंवा प्रो आवृत्तीलाच दुर्बीण जोडता येते, तेही पैसे धरा.

मोबाईल बांधण्यात अर्धी गोष्ट बरी आहे. उंचीचा कोन फोन ठीक सांगतो. दिशेसाठी तो चुंबकसूचीवर चालतो, आणि शेजारी आरशामागचे लोखंडी बोल्ट. काही अंश सहज चुकतो. कव्हरमध्ये चुंबक असेल तर विचारूच नका.

खोबरेल तेल. टेफ्लॉन आणि सनमायका कोरडेच सरकायचे असतात, ती जोडी त्यासाठीच निवडलेली. खोबरेल साधारण 24 अंशांखाली गोठतं. पौषात पहाटे न्हाणीघरातली बाटली बघितली नाही का कधी या माणसाने? पेटी रात्री दहाला लोण्यासारखी फिरेल आणि पहाटे चारला, नरतुरंग तारकासमूह वर येत असताना, हट्टी बैलासारखी उभी राहील. खाऱ्या हवेची काळजी असेल तर नटबोल्ट स्टेनलेस घ्या आणि एन्कोडर काढून डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा. तेल डोक्याला लावा.

आमच्यातले काही जुने म्हणतात, डॉब्सोनियनला वायरी जोडणं म्हणजेच पाप. तेही मला पटत नाही. या दुर्बिणीला ज्यांचं नाव, ते जॉन डॉब्सन सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीत 1944 ते 1967 संन्यासी होते. मठातून चोरूनमारून दुर्बिणी करायचे, भंगार आणि प्लायवुड वापरून, रस्त्यावरच्या माणसाला चंद्र दिसावा म्हणून. स्वस्त चकतीने मृगातला तेजोमेघ शेजाऱ्याला लवकर दाखवता येत असेल तर त्यांची हरकत असती असं वाटत नाही.

भाच्याने झाकण घातलं, ते मला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. मग विचारलं, "मग मामा, रात्री किती वाजता?" आठला, म्हटलं, आधी बोल्टचा आणि भोकाचा व्यास मोजून पाठव, स्लाइड कॅलिपरने, फूटपट्टीने नको. बोल्टचं माप आलंय. भोकाचं अजून नाही.