जमीन वाचणारे लोक

महालक्ष्मी रेसकोर्सच्या जमिनीचा वाद मी इकडे स्कॉटलंडमधून नेमाने वाचते. 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने 211 एकरांपैकी 120 एकर मुंबई महापालिकेकडे द्यायचं ठरवलं, 91 एकर टर्फ क्लबकडे राहिले आणि किनारी रस्त्यालगतची 175 एकर जमीन धरून जवळपास 300 एकरांचं उद्यान करायचा बेत जाहीर झाला. बाजूने बोलणारे असोत की विरोधात, बहुतेकांच्या तोंडी हेच आकडे. त्या मैदानाला उतार कुठल्या अंगाला आहे, जुलैत पाणी कुठे साचतं, सकाळी फिरायला येणारे कुठल्या वाटेने चालतात आणि का, यावर फार थोडं लिहिलं जातं. जमीन म्हणजे क्षेत्रफळ, एवढ्यावरच चर्चा येऊन थांबते.

गोल्फचा विषय निघाला की हे आणखी ठळक होतं. आपल्याकडे गोल्फच्या वादात दोनच बाजू असतात: एक म्हणते हा श्रीमंतांचा चोचला आहे, दुसरी म्हणते पर्यटन येईल, गुंतवणूक येईल. पहिल्या बाजूची चीड मला पूर्ण कळते. गोव्यात तेरेखोलला गोल्फ रिसॉर्टचा प्रकल्प आला तेव्हा गावकरी आपल्या जमिनी आणि काजूच्या बागांसाठी उभे राहिले, ते योग्यच होतं. 2016 च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाने खेळपट्ट्यांच्या पाण्याचा प्रश्न विचारून आयपीएलचे एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला लावले. क्रिकेटला जो प्रश्न विचारला, तो गोल्फला दहापट जोरात विचारायला हवा. पण या वादात एक तिसरा प्रश्न कुणीच विचारत नाही: कोर्स, म्हणजे गोल्फचं मैदान, कसा आहे? कुणी, कुठल्या जमिनीवर, काय विचार करून आखला?

हा प्रश्न विचारायला मी इथे स्कॉटलंडच्या फाइफ परगण्यात शिकले, आणि तोही खेळून नव्हे. बोलणाऱ्या माणसांच्या संगतीत. इथे सेंट अँड्र्यूजच्या आसपास गोल्फ कोर्सच्या रचनेवर जीव असणारी माणसं आहेत. कुणी निवृत्त ग्रीनकीपर, म्हणजे मैदानाची निगा राखणारा, कुणी शाळेत भूगोल शिकवणारी बाई, कुणी जन्मभर खेळाडूंच्या काठ्या वाहणारा कॅडी म्हणून राबलेला. ती एका बंकरच्या, म्हणजे वाळूच्या खड्ड्याच्या, जागेवरून तासभर भांडू शकतात. गाण्याच्या बैठकीत जाणत्या श्रोत्याशेजारी बसलं की तो कुठे मान डोलावतो त्यावरून आपल्याला जागा कळायला लागतात, तसं या लोकांबरोबर चालताना झालं. आधी मला फक्त हिरवळ, वाळू आणि वारा दिसायचा.

सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सचा सतरावा होल, म्हणजे अठरा टप्प्यांतला सतरावा टप्पा, घ्या. प्रत्येक होलच्या शेवटी बारीक कापलेली हिरवळ असते आणि तिच्यातल्या भोकात चेंडू घालायचा असतो. इथे हिरवळीच्या मागे डांबरी रस्ता, त्यापलीकडे दगडी भिंत, पुढे डाव्या अंगाला एक खोल बंकर आणि मधली हिरवळ तिरपी, अरुंद. पहिला फटका डावीकडे मारणं सुरक्षित, तिथे ऐसपैस जागा आहे. पण तिथून हिरवळीकडे पाहिलं की बंकर नेमका वाटेत येतो. उजवीकडे हॉटेलच्या कुंपणाला चिकटून चेंडू टाकायचं धाडस केलं, तर पुढचा कोन मोकळा मिळतो. म्हणजे पहिल्याच फटक्याला आखणी खेळाडूला विचारते, आत्ता धोका पत्करतोस की पुढे? 1978 च्या ओपनमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या मोठ्या गोल्फ स्पर्धेत, जपानच्या त्सुनेयुकी नाकाजिमाने हिरवळीवरून हलकेच लोटलेला चेंडू उताराने त्या बंकरमध्ये गेला आणि त्या होलवर त्याचे नऊ फटके झाले. आमच्या मंडळींपैकी एकाच्या मते तो बंकर जगातला सगळ्यात न्यायी बंकर आहे, दुसऱ्याच्या मते सगळ्यात क्रूर. दोघंही कारणं देतात, आणि ती कारणं जमिनीतली असतात: कुठला उतार चेंडू आत ओढतो, वारा पश्चिमेचा असला तर काय होतं.

पूर्व किनाऱ्यावर नॉर्थ बेरिकचा पंधरावा होल, 'रेडान', असाच. क्रिमियाच्या युद्धातल्या एका तटबंदीवरून त्याला नाव पडलं. हिरवळ खेळाडूपासून दूर, डावीकडे मागे उतरत जाते आणि डाव्या हाताला पुढे खोल बंकर आहे. झेंड्यावर थेट नेम धरण्याऐवजी उजव्या खांद्यावर चेंडू टाकायचा आणि पुढचं काम उतारावर सोपवायचं. सेंट अँड्र्यूज विद्यापीठात शिकलेला चार्ल्स ब्लेअर मॅकडोनाल्ड ही कल्पना अमेरिकेत घेऊन गेला, आणि आज जगभर रेडान आहेत.

ही दृष्टी कुणी उपजत घेऊन येत नाही. 1921 साली बॉबी जोन्ससारखा खेळाडू ओल्ड कोर्सच्या अकराव्या होलवर बंकरमध्ये अडकला, वैतागला आणि फेरी सोडून मोकळा झाला. त्याच जोन्सने पुढे 1927 ची ओपन याच मैदानावर जिंकली आणि 1958 मध्ये या गावाने त्याला मानाचं नागरिकत्व दिलं. अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी हा पेशाने डॉक्टर. त्याने 1924 मध्ये ओल्ड कोर्सचा तपशीलवार नकाशा काढला, आणि पुढे या दोघांनी मिळून अमेरिकेतलं ऑगस्टा नॅशनल हे मैदान आखलं. मोठ्या माणसांनासुद्धा हे मैदान पुन्हापुन्हा पाहावं लागलं, मोजावं लागलं.

या मंडळींचं बोलणं म्हणजे निव्वळ हौस नव्हे, हे मला 2012 च्या वादाने पटलं. त्या नोव्हेंबरात ओल्ड कोर्सचे काही बंकर हलवायचे, अकराव्या हिरवळीचा उतार थोडा कमी करायचा आणि सतराव्याच्या बंकरभोवतीची जमीन बदलायची असं जाहीर झालं. जगभरातून ओरड झाली, टॉम डोक या अमेरिकन रचनाकाराने उघड विरोध केला. काम झालं ते झालंच. पण तो वाद कसा घातला गेला ते महत्त्वाचं आहे. बाजूने बोलणारा ग्रीनकीपर सांगत होता, की तो उतार गवत उंच ठेवायच्या काळातला आहे; आता हिरवळी इतक्या बारीक कापतात, की जोराच्या वाऱ्यात चेंडू ठरत नाही. विरोधकांचं म्हणणं, मग गवत वाढवा, शंभर वर्षांची जमीन का खरवडता? माझं मत विरोधकांकडे झुकतं. आणि 2015 च्या ओपनमध्ये शनिवारी उघड्यावरच्या हिरवळींवर चेंडू वाऱ्याने हलू लागले, खेळ कित्येक तास थांबला, तेव्हा तोच वाद नव्या दमाने सुरू झाला.

या प्रेमाला जमिनीच्या मालकीचा आधार आहे, हे घरच्या वाचकांना मुद्दाम सांगायला हवं. सेंट अँड्र्यूजची ही किनाऱ्याची जमीन खासगी क्लबची नाही, सार्वजनिक आहे. 1974 च्या कायद्याने तिच्या कारभारासाठी विश्वस्त संस्था नेमली. पहिल्या आणि अठराव्या होलमधून गावाचा रस्ता जातो. एरवी रविवारी ओल्ड कोर्सवर खेळ बंद असतो, माणसं कुत्री-मुलं घेऊन फिरायला येतात. एडिंबराजवळच्या मसलबराला तर घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाच्या आतच नऊ होलचा जुना कोर्स आहे. तिथे 1874 ते 1889 दरम्यान सहा वेळा ओपन झाली, आणि आज कुणीही फी भरून खेळू शकतं. जिथे पाय ठेवता येतो, तिथली रचना लोकांना कळू लागते. उंच भिंतीआडच्या मुंबईच्या क्लबांविषयी रस्त्यावरच्या माणसाला भिंतीपलीकडे काही बोलता येत नसेल, तर दोष त्याचा कसा?

इथे सगळं आलबेल आहे असं मात्र नाही. आबर्डीनच्या उत्तरेला मेनीच्या वाळूच्या टेकड्यांवर ट्रम्प यांचा कोर्स 2012 मध्ये उघडला. सरकत राहणं हाच त्या टेकड्यांचा स्वभाव होता. त्या बांधून टाकल्या गेल्या आणि 2020 मध्ये तिथल्या जागेचा संरक्षित वैज्ञानिक दर्जा काढून घेतला गेला. त्याच वर्षी एम्बो गावाजवळ कूल लिंक्स इथे कोर्स करायचा प्रस्ताव सरकारने नाकारला, नंतर तो पुन्हा आला. माझ्या ओळखीच्या गोल्फवेड्यांमध्येही त्याचे कडवे विरोधक आहेत. ती टेकडी कशी तयार झाली, हे त्यांना ठाऊक आहे म्हणून.

पुण्याची माझी मावसबहीण मला सुनावते, "ताई, तुझ्याकडे बारा महिने पाऊस पडतो, तुला काय!" ती बरोबर बोलते. इथलं लिंक्सचं, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूच्या जमिनीवरचं, गवत वाळूवर, आभाळाच्या पाण्यावर, मेंढ्यांच्या चरण्यातून तयार झालं. त्याची हिरवी नक्कल मराठवाड्याच्या काळ्या मातीत किंवा कोकणच्या सड्यावर करणं हा जमिनीशी द्रोह आहे. पण म्हणूनच कोर्स वाचता यायला हवा. आपल्याकडे लष्करी छावण्यांच्या जुन्या कोर्सवर हिरवळीऐवजी तेल घालून दाबलेल्या वाळूचे 'ब्राऊन' असायचे. पाण्याची टंचाई असलेल्या देशाला शोभणारी ही अस्सल रचना आहे. वाळू ओढून सारखी करायची, चेंडू सरळ जायचा. नवे प्रकल्प पुढे रेटणाऱ्यांपैकी कुणी ती आठवत नाही आणि विरोध करणारेही तिची आठवण करून देत नाहीत, कारण दोघांच्याही डोळ्यांपुढे टीव्हीवरचं ऑगस्टा असतं.

माझ्या नाशिकला गोल्फ क्लब मैदान आहे. त्याचं नाव आता हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान, पण रिक्षावाल्याला आजही 'गोल्फ क्लब' म्हटलं की पुरतं. तिथे जॉगिंग ट्रॅक आहे, क्रिकेट आहे, सभा आहेत. गोऱ्यांचा गोल्फ गेला, जमीन शहराची झाली, आणि याचा मला आनंद आहे. तिथे रोज फेऱ्या मारणाऱ्या काकांना कुठला कोपरा पावसात निसरडा होतो आणि सावली किती वाजता कुठे सरकते ते तोंडपाठ असतं. मसलबराचा म्हातारा आपल्या होलबद्दल सांगतो ते याच जातीचं ज्ञान आहे. फरक एवढाच, की मसलबराच्या म्हाताऱ्याचं ऐकून घेणारी मंडळी आहेत आणि नाशिकच्या काकांना महापालिका कधी विचारत नाही.

महालक्ष्मीच्या उद्यानाचा आराखडा पक्का होण्याआधी त्या जमिनीचा चढ-उतार दाखवणारा मोठा नकाशा रेसकोर्सच्या फाटकावर लावावा, मराठीत. सकाळी फिरणारे, घोड्यांचे मोतद्दार, माळी आणि आराखडा काढणारे वास्तुरचनाकार यांनी एका पावसाळी सकाळी ते मैदान बरोबर चालून पाहावं, पाणी कुठे थांबतं ते त्या नकाशावर खुणा करून दाखवावं, आणि मग आराखड्यातल्या जमिनीखालच्या वाहनतळाची जागा ठरवावी.