‘मॅन्युअलचा कमाल आकडा वकिलांनी कापलेला असतो’ : एका लाडक्या समजाची तपासणी

अमेरिकेत घरच्या घरी रायफलची काडतुसं भरणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. लोडिंग मॅन्युअलमधला पावडरचा कमाल आकडा म्हणे कंपन्यांच्या वकिलांनी घाबरून कमी केलेला असतो. म्हणूनच दोन पुस्तकांचे आकडे जुळत नाहीत आणि नवी पुस्तकं जुन्यांपेक्षा हात आखडता घेतात. रायफल तर कारखान्यातच जादा दाबाने तपासलेली असते. तेव्हा प्राइमर (काडतुसाच्या बुडातली पेट देणारी टोपी) चपटा होईपर्यंत किंवा बोल्ट (नळी मागून बंद करणारा दांडा) जड लागेपर्यंत पावडर वाढवत जा, मग अर्धा ग्रेन (पावडर तोलायचं बारीक वजन) मागे या. खरी मर्यादा रायफल सांगेल, पुस्तक नाही.

(भारतातल्या वाचकांसाठी: 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 5 नुसार दारूगोळा बनवायला परवाना लागतो. पुढचं सगळं हा छंद जिथे कायदेशीर आहे तिथल्यापुरतं.)

‘वकिलांनी कापला’

हे तपासायला वकील लागत नाही, दाबाचा रकाना वाचला तरी पुरतं. हॉजडनसारखी पावडर विकणारी कंपनी प्रत्येक लोडपुढे (पावडर-गोळीच्या जोडणीपुढे) मोजलेला दाब छापते. .308 विंचेस्टर या रायफल काडतुसासाठी सामी या अमेरिकी उद्योगसंस्थेने ठरवलेला कमाल सरासरी दाब 62,000 पीएसआय (चौरस इंचावर पौंड) आहे. कमाल लोडपुढे 60,000 च्या आसपासचा आकडा दिसला, तर वकिलाने नेमकं काय कापलं? उरलेली फट गोळीगणिक होणाऱ्या चढउतारासाठी असते. 62,000 ही सरासरीची मर्यादा आहे, म्हणजे दहातली काही काडतुसं सरासरीच्या वर जाणारच.

कधी कमाल लोडचा दाब मर्यादेच्या बराच खाली दिसतो आणि लोक ‘बघा, राखून ठेवलंय’ म्हणतात. आकड्याशेजारी दाबून भरल्याची खूण आहे का ते आधी पाहावं. तिथे पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच) भरलेली असते. पावडर आणखी मावत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

‘दोन पुस्तकांत दोन ग्रेनचा फरक, म्हणजे कुणालाच नक्की माहीत नाही’

दोघांनाही नक्की माहीत असतं, पण आपापल्या जोडणीपुरतं. छापील आकडा म्हणजे एका विशिष्ट नळीत, विशिष्ट पुंगळी, प्राइमर, गोळी आणि पावडरचा विशिष्ट लॉट घेऊन केलेलं मोजमाप. कुणी किमान मापाच्या चेंबरची (नळीतल्या काडतूस बसायच्या जागेची) चाचणी-नळी वापरतं, कुणी बाजारातली रायफल. गोळ्या बनवणारी हॉर्नडी एकाच वजनाच्या अनेक गोळ्यांना एकच तक्ता देते, त्यामुळे त्यातल्या सगळ्यात जास्त दाब देणाऱ्या गोळीला झेपेल तोच आकडा सगळ्यांना लागतो. 168 ग्रेनच्या दोन गोळ्यांची नळीच्या आतल्या आट्यांना घासणारी लांबी वेगळी, जाकीट (गोळीचं बाहेरचं धातूचं आवरण) वेगळं. वजन सारखं म्हणून लोड सारखा होत नाही.

पुंगळीचं उदाहरण हिशोबानेच करू. लेक सिटी या अमेरिकी दारूगोळा कारखान्याची लष्करी 7.62 ची (.308 च्या लष्करी भावंडाची) पुंगळी सुमारे 180 ग्रेनची भरते, विंचेस्टरची बाजारातली साधारण 160 च्या आत. बाहेरचं माप चेंबरमध्ये सारखंच, तेव्हा जादा 20 ग्रेन पितळ आतली जागा खातं. पितळ पाण्याच्या साडेआठ पट जड, म्हणजे सुमारे 2.4 ग्रेन पाण्याइतकी जागा गेली. हलक्या पुंगळीसाठी छापलेला कमाल आकडा जड पुंगळीत भरला की मर्यादा ओलांडलीच समजा, आणि पुस्तकाने कुठे खोटं सांगितलेलं नसतं.

पावडरच्या नावांचा घोळ याहून धोक्याचा. आयएमआर 4831 आणि एच 4831 यांचा क्रमांक एक, पण पावडरी दोन. आयएमआरची लक्षात येण्याइतकी लवकर जळते. 4350 आणि 4895 मध्येही हीच गोष्ट. एच 4831 आणि एच 4831 एससी मात्र एकच, फक्त दाणे आखूड.

‘जुनी पुस्तकं 52,000 म्हणायची, नवी 62,000 म्हणतात, म्हणजे दहा हजारांची सूट’

हा गैरसमज सगळ्यात पसरलेला आहे आणि सर्वांत सरळ चुकीचा. 52,000 हा सीयूपीमधला आकडा आहे. त्या पद्धतीत दाब एक पिस्टन ढकलतो, पिस्टन तांब्याचा छोटा दंडगोल चेपतो आणि तो किती चेपला यावरून आकडा काढतात. तांबं चेपायला वेळ लागतो, दाबाचं टोक क्षणभराचं असतं, म्हणून आकडा कमी येतो. 62,000 हा पिएझो सेन्सरचा (दाब विजेच्या संकेताने मोजणाऱ्या सेन्सरचा) आकडा. दोन्ही एकाच दाबाची मापं.

मग ठरावीक गुणकाने एकाचं दुसरं करता येईल का? .308 आणि .223 रेमिंग्टन दोन्हींची सीयूपी मर्यादा 52,000. पीएसआयमध्ये मात्र .308 ची 62,000 आणि .223 ची 55,000. गुणक नाही हे यावरूनच कळावं.

नवी पुस्तकं खाली का आली, याचं बरंचसं उत्तरही इथेच आहे. जुने कित्येक लोड पुंगळीकडे पाहून ठरवलेले होते. सेन्सर लावल्यावर काहींचा दाब वर निघाला.

‘रायफल जादा दाबाने तपासलेली असते’

असते. सामीच्या पद्धतीत चाचणीचं काडतूस कमाल सरासरीच्या साधारण 30 ते 40 टक्के वर असतं. ते एखाददुसरं झाडून रायफल फुटली नाही, भेग गेली नाही, एवढं पाहतात. त्या दाबावर रोज चालवायची हमी त्यात नाही. पूल एकदा भारचाचणीत टिकला म्हणून रोज तेवढेच ट्रक सोडत नाहीत. शिवाय त्या चाचणीत तुमची पुंगळी नव्हती. बोल्टगन मध्ये सगळ्यात कच्चं काय असेल तर पितळ. ते सुटलं की तापलेला वायू बोल्टमधून चेहऱ्याच्या दिशेने येतो.

‘खुणा दिसेपर्यंत वाढवा’

सल्ल्याचा गाभा हाच, म्हणून इथे थोडं थांबू.

प्राइमर चपटा होणं: प्राइमरची वाटी काही कंपन्यांची मऊ, काहींची टणक, त्यामुळे एकाच दाबाला एक चपटा होतो, दुसरा नाही. त्यात हेडस्पेस जास्त असेल, म्हणजे साइझिंगमध्ये (झाडलेली पुंगळी पुन्हा मापात दाबताना) तिचा खांदा गरजेपेक्षा मागे ढकललेला असेल, तर प्राइमर आधी बाहेर सरकतो, मग पुंगळी मागे येऊन त्याला बोल्टवर ठेचते. बेताच्या दाबालाही असा प्राइमर नाण्यासारखा सपाट दिसतो.

बोल्ट जड लागणं आणि पुंगळीच्या बुडावर इजेक्टरचा (रिकामी पुंगळी बाहेर फेकणाऱ्या भागाचा) चकचकीत ठसा उमटणं: या बऱ्या खुणा, पण उशिराच्या. बुडाचं पितळ वाहू लागल्याशिवाय ठसा येत नाही आणि ते साधारण 65,000 ते 70,000 च्या घरात होतं. खूण दिसल्यावर अर्धा ग्रेन मागे आलात तरी .308 मध्ये बहुधा मर्यादेच्या वरच आहात.

आता हाच नियम .30-30 काडतुसाला लावा. त्याची मर्यादा 42,000. जुन्या .45-70 ची 28,000. पितळ तेच, म्हणजे खूण येईल तेव्हा .45-70 चा दाब मर्यादेच्या दुपटीवर गेलेला असेल. जुनी ॲक्शन (काडतूस बंद करून धरणारी यंत्रणा) तोवर वाट बघेलच असं नाही. खूण पितळ किती सोसतं ते सांगते. लोखंड किती सोसेल हे तिला ठाऊक नसतं.

घरी दाबाचा त्यातल्या त्यात खरा अंदाज देणारं यंत्र म्हणजे गोळीचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ. समजा पुस्तकात 24 इंची नळीतून कमाल लोडला 2,800 फूट प्रतिसेकंद दिले आहेत आणि तुमची नळी 20 इंची. इंचाला साधारण 25 फूट धरले तर तुम्हाला 2,700 च्या आसपास मिळायला हवेत. पुस्तकाच्या कमालपेक्षा एक ग्रेन खाली असताना 2,800 दिसले, तर ‘माझी नळी वेगवान आहे’ म्हणून खूश होऊ नका. तीच पावडर, तीच गोळी आणि जास्त वेग याचा अर्थ बहुतेक वेळा जास्त दाब. तिथेच थांबायचं, प्राइमर कितीही गोल दिसो.

मग आकडा जुळत नाही तेव्हा करायचं काय

कमालच्या खालीच बोल्ट जड लागला तर पुस्तकावर राग काढण्याआधी उरलेल्यांतली पाच काडतुसं हातोडी-पुलरने (आपटून गोळी सोडवणाऱ्या अवजाराने) उघडा आणि पावडर पुन्हा तोला. लांब दाण्यांची पावडर मेझरच्या (पावडर मापून टाकणाऱ्या यंत्राच्या) नळीत अडकून पूल बांधते: एक पुंगळी हलकी भरते, पूल मोडला की पुढची जड. पाचांत अर्ध्या ग्रेनपेक्षा जास्त तफावत दिसली तर चोर तिथेच सापडला. तफावत नसेल तर काटा तपासा, तोही तुमच्या लोडच्या वजनाजवळच्या प्रमाणित वजनाने. इलेक्ट्रॉनिक काट्याचं एकक चुकून बदलतं हेही ध्यानात असू द्या. ग्रेन म्हणजे ग्रॅम नव्हे, 64.8 मिलिग्रॅम, सोनाराच्या गुंजेच्या जेमतेम अर्ध्याहून थोडा जास्त.

पुढे पुंगळीची लांबी. .308 ची कमाल 2.015 इंच, कापायची 2.005 ला. लांबलेली मान चेंबरच्या टोकाला टेकली की गोळी चिमटीत धरली जाते, ती सुटत नाही आणि दाब उसळतो. मग गोळी आट्यांना टेकलेली आहे का, ते. एकूण लांबी टोकापासून मोजून हे कळत नाही, कारण टोकं कमीजास्त असतात. कम्पॅरेटरने गोळीच्या वळणापासून मोजा. टेकलेली असेल तर लोड खालून परत चढवावा लागतो.

बोल्ट बंद करतानाच जड जात असेल तर दोष बहुधा साइझिंगचा, पावडरचा नाही. झाडल्यावर उचलतानाच जड असेल तर दाबाचा संशय धरा. चेंबरमध्ये तेल राहिलंय का हेही पाहून घ्या. आणि हवामान: चाचण्या साधारण 21 अंश सेल्सिअसला होतात. मिनेसोटाच्या थंडीत कमालला बसवलेला लोड ॲरिझोनाच्या जूनमध्ये, तापलेल्या चेंबरात मिनिटभर राहिला, तर तो तोच लोड राहत नाही. बॉल (गोल दाण्यांच्या) पावडरी याला जास्त हळव्या.

उलट टोकाची घाई करणारेही असतात: ‘मग सुरुवातीच्या आकड्याच्याही खाली जाऊ.’ मोठ्या पुंगळीत सावकाश जळणाऱ्या पावडरीच्या बाबतीत ते करू नका. पेट अनियमित होतो, कधी घोडा पडल्यावर क्षणभराने बार उडतो. एच 110 या पावडरीला तर हॉजडन तीन टक्क्यांहून खाली उतरू देत नाही. छापील सुरुवात हाही मोजलेलाच आकडा आहे.

पावडरचा डबा, प्राइमर, पुंगळी, गोळी यांतलं काहीही बदललं की सुरुवातीच्या आकड्यावर परत जायचं, आणि साधारण एक टक्क्याच्या पायरीने, 45 ग्रेनला 0.4 ते 0.5, वर यायचं. काडतुसांच्या डबीवर लेबल लावताना पावडरचं पूर्ण नाव आणि लॉट नंबर लिहा. नुसतं ‘4831’ लिहिलेली डबी वर्षभराने सापडली तर आतलं काडतूस झाडू नका, उघडून टाका.