लावला होता फिल्टर! झालं समाधान?

माझा कॅमेरा ट्रायपॉडसकट पडला. ‘फिल्टर (लेन्सच्या तोंडावर फिरवून बसवायची संरक्षक काच) लावला नव्हता का?’ हा प्रश्न आता आणखी एकाने जरी विचारला, तरी त्या फिल्टरची चेपलेली रिंग मी त्याच्या हातात ठेवणार आहे. लावला होता! आणि लेन्सच्या पुढच्या काचेवर जे दोन ओरखडे आहेत ना, ते जमिनीने नाही, त्या फिल्टरच्याच तुकड्यांनी पाडलेत. ती काच पातळ, तोंडावर आपटल्यावर पहिली तीच फुटली आणि तिचा चुरा आतल्या काचेवर घासला. संरक्षण म्हणे. लेन्सची पुढची काच त्यापेक्षा कितीतरी जाड असते. धक्का झेलायला खरा कामाचा असतो तो लेन्सच्या तोंडाभोवती बसवायचा प्लास्टिकचा हूड, फुटला तर फुटला. माझा हूड कुठे होता? बॅगेत. हे अजून कुणालाच सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

झालं असं, की संध्याकाळी गच्चीवर टाइमलॅप्स (ठरावीक वेळाने आपोआप फोटो काढून त्यांचा व्हिडिओ) लावला होता. कठड्यापलीकडचं दिसावं म्हणून ट्रायपॉडचा मधला दांडा पूर्ण वर. हा मधला दांडा ज्याच्या सुपीक डोक्यातून निघाला, त्याला मला एकदा गाठायचंय. तीन पायांवर छान भक्कम उभी असलेली वस्तू घ्यायची, तिच्या डोक्यावर एक काठी उभी करायची आणि काठीच्या टोकावर घरातली सगळ्यात नाजूक, सगळ्यात महागडी चीज ठेवायची! पायांचे सगळे टप्पे उघडायचा कंटाळा म्हणून लोक दांडा वर करतात. मीही केला. शिवाय, लोकांना जायला वाट राहावी म्हणून एक पाय आत ओढला. लोकांची सोय बघितली मी. एक पाय खाचेपर्यंत उघडला नाही, की सगळं वजन त्याच बाजूला कलायला टपलेलं असतं, हे माहीत असूनही.

आणि आले साहेब, फोनवर बोलत बोलत. पाय लागला. खाड! ‘अरे सॉरी सॉरी, दिसलंच नाही.’

दिसणार कसं? ट्रायपॉड काळा. कॅमेरा काळा. पट्टा काळा. वापरायचा कधी, तर उजेड गेल्यावर! अंधारात उभ्या करायच्या वस्तूचे पाय काळे रंगवायचे आणि वर दर दोन वर्षांनी ‘नवीन, अधिक हलका’ म्हणून तोच विकायचा. हलका! अहो, हलका आहे म्हणून तर पडला. आता तिन्ही पायांना खालच्या बाजूला चकाकणारी पट्टी चिकटवली आहे. कसा दिसतो विचाराल तर भिकार दिसतो. दिसू दे.

पडल्यानंतर सल्लागारांचं पीक आलं. ‘खालच्या हुकाला बॅग अडकवायची ना!’ अडकवा की. वाऱ्यात ती बॅग लंबकासारखी झुलते आणि ट्रायपॉडला आतून हलवत राहते. अडकवायचीच तर जमिनीला टेकेल इतकी खाली सोडावी लागते, हे मात्र कुणी सांगत नाही. उतारावर दोन पाय खालच्या अंगाला आणि सपाटीवर एक पाय लेन्सच्या दिशेने पुढे, हेही नाही सांगत. कॅमेऱ्याचा पट्टा लोंबत ठेवू नका, तुमचाच हात त्यात अडकतो, हेही नाही. सांगतात काय, तर फिल्टर.

कॅमेऱ्याच्या तळाला लावून ट्रायपॉडवर झटकन अडकवायची ती क्विक रिलीज प्लेट, तिच्याबद्दल तर बोलूच नका. खटका ‘टक’ वाजला म्हणजे प्लेट बसली असं नसतं. तिरकी बसली तरी टक वाजतो. प्लेटच्या खाली दोन बारीक स्टॉपर स्क्रू असतात, प्लेट घसरून निसटू नये म्हणून. सरकवताना मधे येतात म्हणून लोक तेच काढून टाकतात. शिवाय प्लेट कॅमेऱ्याला जोडणारा १/४ इंची स्क्रू कधी सैल झाला ते कळत नाही, आणि लांब लेन्स आपल्याच वजनाने हळूहळू फिरत खाली माना टाकते. मी रोज एकदा कॅमेरा धरून हलवून बघतो. लोक हसतात. हसा.

आता दुरुस्ती. पहिला दिवस गेला तो अडकलेली रिंग काढण्यात. लेन्स उलटी धरून आधी चुरा खाली पडू दिला, मग ब्लोअर. कापडाने पुसायचा मोह झाला होता; पुसलं असतं तर दोनाचे वीस ओरखडे झाले असते. रिंग चेपल्यामुळे आटे एकमेकांत रुतलेले. रबरी हातमोजा घातला, फिल्टरचा पाना लावला, शिव्या दिल्या, आणि यातलं कशाने निघाली ते मला माहीत नाही.

लेन्स कॅमेऱ्याला जोडणारं मागचं धातूचं कडं, म्हणजे माउंट, तोही वाकला होता. मग व्हिडिओ बघितला. एक आनंदी माणूस सांगतो, ‘माउंटचे फक्त चार स्क्रू काढा, सोपं आहे.’ फक्त! ते स्क्रू जपानी फुलीचे असतात, आपल्या डब्यातल्या साध्या स्क्रूड्रायव्हरला दिसायला जुळतात आणि जोर दिला की डोकं गुळगुळीत होतं. पहिल्याच स्क्रूने मला हे शिकवलं. माउंटखाली कागदासारख्या पातळ धातूच्या चकत्या असतात. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशेब असतो तो, कुठली चकती कुठे होती यात घोळ झाला की लेन्स कायमची कलते. त्या आनंदी माणसाने त्या टेबलावर ओतल्या आणि म्हणाला, आता पुन्हा बसवा. मी तिथेच थांबलो. आयुष्यातला एक शहाणपणाचा निर्णय.

सर्व्हिस सेंटरमध्ये काउंटरवरच्या माणसाने रिंगवरचा पोचा बघून जे तोंड केलं, ते मी विसरणार नाही. पडझड वॉरंटीत येत नाही, ठीक, मान्य. पण एक माउंट वाकलाय म्हणून अख्खी मागची असेंब्लीच बदलायची? सुटा भाग मिळत नाही म्हणे. दीड महिन्याने लेन्स परत आली. सोबत चिठ्ठी: ‘तपासली, मानकांनुसार आहे.’

घरी येऊन वीटकामाच्या भिंतीचा फोटो काढला, एफ २.८ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं उघडून. मधल्या विटा सुईसारख्या स्पष्ट, डावीकडच्या लोण्यासारख्या. मीच तिरका उभा असेन म्हणून कॅमेरा उलटा करून पुन्हा काढला. भिंतीची बाजू बदलली, फोटोतला धुरकटपणा मात्र डावीकडेच. म्हणजे आत एखादी काच कललेली आहे. फोन केला तर पलीकडून थंड आवाज: ‘सर, तुम्ही फार झूम करून बघताय.’

काल त्या फोनवाल्या साहेबांचा मेसेज आला, ‘त्या दिवशीचा टाइमलॅप्स झाला का रे?’ कॅमेरा बिचारा इमानी, पालथा पडूनही फोटो काढत राहिला होता. सगळे फोटो जोडले आणि जसाच्या तसा पाठवला. पाच मिनिटांत उत्तर:

‘मस्त! पण शेवटी सगळं काळं का होतं? एडिटिंग राहिलंय का?’