गुडघा दुखत नाही, मग एक्स-रे कशाला? परळीच्या वाचकांना उत्तर

परळीचे एक वाचक माझ्या मागच्या लेखावर चांगलेच चिडलेत. त्यांच्या प्रतिक्रियेचा गाभा असा: 'आईच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदलून बारा वर्षं झाली. चांगला महागातला इम्पोर्टेड गुडघा टाकलाय. काही दुखत नाही, वैजनाथाच्या पायऱ्या चढते. तुम्ही लिहिलंत की आतलं प्लास्टिक झिजून हाड खाल्लं जातं, एक्स-रे काढत राहा. ते वाचून ती चालायलाच घाबरते. प्लास्टिकला काय दात असतात? कॅल्शियमची गोळी रोज चालू आहे. तुम्हा लोकांना पेशंट हातचा सोडवत नाही, एवढंच.'

शेवटच्या वाक्याचं आधी. मी अंबाजोगाईत मोडलेली हाडं बसवतो, प्लास्टर घालतो. सांधे बदलत नाही. तुमच्या आईंचा एक्स-रे परळीतच काढा आणि ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनाच दाखवा. माझ्याकडे यायचं कारणच नाही. आणि चालणं बंद करा असं मी कुठे लिहिलंय? पायऱ्या खुशाल चढू द्या.

आता दातांचं. जॉन चार्नली हे इंग्लंडचे सर्जन, खुबा बदलायची आजची पद्धत त्यांनी रुजवली. 1950 च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी खुब्याची वाटी टेफ्लॉनची केली. नॉनस्टिक तव्यावर असतं तेच. गुळगुळीत माल, पेशंट खूश. पण थोड्याच वर्षांत वाट्या झिजल्या, आणि झिजलेल्या भुग्याभोवती हाडही गेलं. माणूस असा हट्टी, की पुढे टेफ्लॉनचे आणि पॉलिथिलीन या नव्या प्लास्टिकचे कण त्यांनी स्वतःच्याच मांडीत घालून पाहिले. टेफ्लॉनच्या जागी गाठी आल्या, पॉलिथिलीनच्या जागी तसं झालं नाही. 1962 पासून त्यांनी पॉलिथिलीन वापरलं. आज गुडघ्यातही वरच्या आणि खालच्या धातूच्या मध्ये त्याच जातीची चकती बसवतात.

मात्र पॉलिथिलीनही झिजतंच, फक्त सावकाश. पावलागणिक त्याचे कण सुटतात, बरेचसे एक मायक्रॉनहूनही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही) बारीक. शरीरात सफाई करणाऱ्या पेशी, मॅक्रोफेज, ते गिळतात. जंतू असते तर पचवले असते, प्लास्टिक कुठून पचणार? मग त्या चेकाळतात, रसायनं सोडतात, आणि त्यामुळे हाड विरघळवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशींना जोर येतो. थोडक्यात, दात आपल्याच शरीराचे आहेत. कॅल्शियम हाडाला माल पुरवतं, या पेशींना आवरत नाही. वयामुळे हाड ठिसूळ होतं तो वेगळा आजार. गोळी त्याच्यासाठी आहे, ती बंद करू नका.

'दुखत नाही' हा तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा, आणि माझा वाद नेमका त्याच्याशीच आहे. जुन्या माळवदाच्या भिंतीतली खुंटी आठवा. खुंटी धड असते, वर पिशवी लटकत असते, आतली माती झडत असते, आणि एक दिवस पिशवीसकट खाली. गुडघ्याचं धातू जोवर उरलेल्या हाडाला धरून आहे तोवर पेशंटला काही कळत नाही. बसवलेला सांधा हाडात डुगडुगायला लागला किंवा पातळ झालेलं हाड मोडलं, की दुखतं. केज तालुक्यातल्या एक आजी माझ्याकडे पाय मुरगळला म्हणून आल्या होत्या. 'गुडघा काहीच म्हणत न्हाई डॉक्टर, घोट्याचं बघा.' फिल्ममध्ये गुडघाही आला. खालच्या धातूच्या आतल्या बाजूला, लिंबाएवढ्या जागेत हाडाची जाळीच नव्हती, नुसता काळा डाग. त्यांच्या मुलाने जुनी फिल्म आणली, दोन्ही खिडकीच्या काचेला लावल्या. जुन्या फिल्ममध्ये तीच जागा भरलेली होती.

असं लवकर सापडलं आणि धातू घट्ट असेल, तर कधी नुसती चकती बदलून पोकळीत हाड भरता येतं. उशीर झाला की सगळा सांधा काढून लांब दांड्याचा बसवावा लागतो, आणि तो टेकवायलाही हाड शोधावं लागतं. गेलेलं हाड परत आणणारी गोळी नाही.

इम्पोर्टेडचं म्हणाल तर झिजेला पासपोर्ट लागत नाही. 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत चकत्या हवेतच गॅमा किरणांनी निर्जंतुक करत, त्याने प्लास्टिक ठिसूळ व्हायचं. पुढे ती पद्धत सुटली. सांधा सरळ बसलाय का, चकती फार पातळ तर नाही ना, वजन किती, वावर किती, यावर झीज ठरते. किमतीवर नाही. सरकारने ऑगस्ट 2017 मध्ये साध्या कोबाल्ट-क्रोमियम गुडघ्याला 54,720 रुपये अधिक जीएसटी अशी कमाल मर्यादा घातली, तो गुडघा काही दुय्यम नाही.

आईंना हेही वाचून दाखवा: लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात 2019 साली आलेल्या अभ्यासात, पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे 82 टक्के 25 वर्षं टिकलेले दिसले. म्हणजे त्यांचा गुडघा बहुधा ठीकच असणार. फक्त 'टिकला' याचा अर्थ तिथे 'पुन्हा ऑपरेशन झालं नाही' एवढाच आहे. आत पोकळी असलेला, न दुखणारा गुडघाही त्या हिशेबात टिकलेलाच धरतात. शिवाय 25 वर्षांचे आकडे ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडचे. तिथे उकिडवं बसून भाजी कोण निवडतं!

एक्स-रे उभं राहून, समोरून आणि बाजूने, दोन्ही काढा. मांडीच्या हाडाची मागची पोकळी समोरच्या फोटोत धातूआड लपते. किरण जरा तिरपा गेला तरी खालच्या धातूखालची काळी रेघ (धातू आणि हाडात फट पडल्याची खूण) दिसेनाशी होते, म्हणून व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या वाकड्या फोटोवरून 'सब ठीक' म्हणणाऱ्यावर विसंबू नका. शंका आली तर सीटी स्कॅन. मधेच सूज आली, उठताना पहिली दोन पावलं दुखायला लागली, पाय वाकडा पडायला लागला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवा. तेव्हा जंतुसंसर्ग नाही ना, हे आधी तपासावं लागतं.

आणि ऑपरेशननंतरची पहिली फिल्म शोधा. आपल्याकडे जुन्या फिल्म ग्रहण बघायला काढतात (तसं बघूही नये, डोळे जातील). सापडली नाही तर दवाखान्यात विचारा. तिथेही नसेल तर आता काढाल तीच पहिली समजा, तारीख लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी सोबत न्या.