फ्रँकटनची रेल्वे घरं: एक खुलासा

न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टन शहरातली फ्रँकटन रेल्वे वसाहत म्हणजे एकाच साच्यातली लाकडी घरं, त्यांत जपण्यासारखं काय, असं सर्रास फिरतंय. ते चुकीचं आहे. तो साचा हाच तर इथला वारसा! 1920च्या दशकात रेल्वे खात्याने आपल्या कामगारांच्या घरांसाठी इथेच कारखाना काढला. मापात कापलेलं देशी लाकूड वॅगनींतून नॉर्थ आयलंडभर जाई आणि मुक्कामी घर उभं राही. 1929मध्ये कारखाना बंद झाला. कामगाराच्या घराचा इतका विचार झाला, हे मला कुठल्याही हवेलीइतकंच मोलाचं वाटतं. आणि ‘सगळी सारखी’ म्हणणाऱ्यांनी पुढची ओसरी नीट पाहावी: आतली आखणी तीच, ओसरीचं छत, खांब मात्र मुद्दाम वेगवेगळे.