खिडकी उघडायला काय जातं?

आज केस कापायला गेले होते, शेजारच्या खुर्चीवर स्ट्रेटनिंग चालू. एसी लावलाय म्हणून दारं-खिडक्या गच्च बंद. इस्त्री केसांवरून फिरली की भपकन वाफ यायची, माझे डोळे असे चुरचुरायला लागले की पाणीच थांबेना. गिऱ्हाईक बाई नाकाला रुमाल लावून मोबाईल बघतायत आणि जी मुलगी हे सगळं करतेय तिच्या तोंडाला साधा सर्जिकल मास्क, जो कण अडवतो, वायू नाही. म्हटलं, अगं त्रास नाही होत का? तर हसून म्हणाली, "सवय झालीय ताई."

डोक्यातच गेलं माझ्या.

बाटली उचलून बघितली. पुढे मोठ्ठं 'फॉर्मल्डिहाइड फ्री' आणि मागे मुंगीएवढ्या अक्षरात मिथिलीन ग्लायकॉल. अहो तेच ते! फॉर्मल्डिहाइड पाण्यात मिसळलं की त्याचं हेच होतं, वरून दोनशे डिग्रीच्या पुढची इस्त्री फिरवली की परत वायू होऊन खोलीभर. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयएआरसीने, म्हणजे कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या संस्थेने, 2004 मध्येच त्याला पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे पक्कं ठरलेल्यांत टाकलंय, तंबाखू, ॲस्बेस्टॉस, बेन्झिनच्या पंगतीत.

आता आपण सगळे 'केमिकल फ्री'वाले, शाम्पूची लेबलं भिंग लावून वाचणारे. वाचा, चांगलंच आहे. पण आपण तासाभरात उठून घरी येतो हो, ती मुलगी शटर खाली येईपर्यंत तिथेच उभी. हो, मान्य, गट म्हणजे पुरावा किती पक्का एवढंच, धोका किती ते डोसवर ठरतं आणि एकदा वास घेतल्याने काही कॅन्सर होत नाही. बरं मग डोस कुणाला जातोय ते तरी बघा!

आणि हे काय आजचं आहे? 1775 मध्ये पर्सिव्हल पॉट नावाच्या इंग्रज सर्जनने धुराडी साफ करणाऱ्यांचा कॅन्सर काजळीमुळे होतो हे दाखवलं, लहान लहान पोरं उतरवायचे त्या धुराड्यांत. मग रंगाच्या कारखान्यांतल्या लोकांचा मूत्राशयाचा कॅन्सर, बूट चिकटवणाऱ्यांचा बेन्झिनने झालेला ल्युकेमिया. कुठलं केमिकल वाईट हे आपल्याला कळलं ते आधी कामगार मेले म्हणून, आणि त्या माहितीवर आपण आपल्यापुरते शाम्पू बदलतो. आयएआरसीच्या यादीत रंगाऱ्याचं काम, अख्खं कामच, पहिल्या गटात आहे आणि केस कापणाऱ्यांचं 2अ मध्ये, म्हणजे 'बहुधा कॅन्सर होतो' मध्ये. घराला रंग काढला की वास सोसत नाही म्हणून आपण बाहेर पडतो, रंगारी आतच.

घरचं करा की, कोण नको म्हणतंय. नवीन प्लायवुडच्या कपाटाचा वास जाईपर्यंत खिडक्या उघड्या ठेवा, कपड्यांतल्या डांबरगोळ्या काढा, सिगारेट तर उंबऱ्याच्या आत नकोच.

मी निघताना मॅडमना म्हटलं, निदान खिडकी तरी उघडा, एखादा एक्झॉस्ट फॅन बसवा. तर म्हणे गार हवा जाते, कस्टमर कटकट करतात. त्यांचंही पोट त्यावरच आहे, कळतं मला. आणि ती मुलगी काय बोलणार बिचारी, माझ्याकडे बघून नुसती हसली, डोळे लाल तिचेपण. पण कस्टमर म्हणजे कोण? आपणच ना? मग पुढच्या वेळी खुर्चीत बसायच्या आधी आपणच म्हणूया की, खिडकी उघडा, घाम आला तर आला.

आणि कमेंटमध्ये कुणी 'मग घरीच करायचं ना स्ट्रेटनिंग' म्हणू नका. घरचं बाथरूम त्या पार्लरपेक्षा कोंदट असतं.